एकच घास

देवळातल्या बळीचं मांस माझ्या दुकानात सडायला लागलं. गावात ख्रिस्ती वाढले होते आणि ते त्याला शिवत नसत. मी तडक रोमच्या सुभेदाराकडे गेलो आणि बिननावाची चिठ्ठी पुढे केली.

"निनावी चिठ्ठी चालत नाही. नावानिशी तक्रार दे," तो म्हणाला.

"लिहा, थ्रासोन खाटीक! पहाटे मी देवळात बळी कापत असतो, तेव्हा हे विणकराच्या घरी जमतात. धरा एकेकाला!"

दुसऱ्याच दिवशी नऊ जणांना धरून आणलं. मांसाचं ताट घेऊन मीच उभा होतो.

सुभेदार म्हणाला, "एक घास खा आणि घरी जा. नाहीतर तलवार आहेच."

आठ जण नाही म्हणाले. नववी बाई होती. तिनं डोक्यावरून ओढलेली शाल मागे सारली आणि माझ्याकडे पाहिलं.

 

"अहो, माझ्या वाटचं तर घरीही कुत्राच खातो."