तीस अंश

चपला दाराबाहेर, पंखा बंद, बोलणं बंद. आमच्या सूक्ष्मदर्शकाची सुई सोन्याच्या पत्र्यापासून अणूभर अंतरावर फिरते. कुणी चाललं तरी चित्र बिघडतं. म्हणून माझ्या गाइड असलेल्या मॅडमसुद्धा अनवाणी, श्वास रोखून माझ्यामागे उभ्या होत्या.

सोन्याला चिकटलेले आमचे रेणू सहा पाकळ्यांच्या फुलांसारखे दिसतात, हा मॅडमचा गाजलेला शोध. माझी पीएचडी त्यावरच उभी होती. आज मात्र मी, कुणी न सांगता, सोन्याचा तुकडा तीस अंशांनी वळवून ठेवला होता. पाकळ्या रेणूंच्या असतील, तर त्याही वळायला हव्यात.

पडद्यावर चित्र ओळीओळीने उतरू लागलं. वरची पाकळी आली, मग बाजूच्या. शेवटची पाकळीही काल, तुकडा न वळवता घेतलेल्या चित्रातल्याच जागी उमटली. एकही वळली नव्हती. म्हणजे पाकळ्या रेणूंच्या नव्हत्याच; न वळलेल्या सुईच्या होत्या. इतकी वर्षं आम्ही आमच्याच सुईच्या मोडक्या टोकाचा आकार बघत होतो.

"पुसून टाकू?" मी कुजबुजले. "कुणाला कळणार नाही."

"सेव्ह कर," एवढंच पुटपुटून मॅडम बाहेर गेल्या.

परत आल्या त्या चपला घालून, फटफट वाजवत. त्यांनी पंखा लावला. पडद्यावरचं पुढचं चित्र विस्कटून गेलं.

"जर्नलला फुलांवरचा पेपर मागे घ्यायचं पत्र लिही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सही माझी. आणि चूक कुणी पकडली तेही लिही. पूर्ण नाव."