चार बोटं फट

नात शाळेत जाऊ लागली, त्याच वर्षी सुतार तिच्याकडून अक्षरं शिकला. “आजोबा, ‘फट’ शब्दाचा वाक्यात उपयोग करा,” ती मास्तरणीच्या थाटात म्हणाली. “दाराला फट राहिली, तर सुताराने रंधा विकावा!” सुतार ऐटीत म्हणाला. आतून अंथरुणाला खिळलेली बायको खेकसली, “बढाई पुरे! दार लागलं, की मी बोंब मारली तरी तुम्हाला पत्ता नाही.” सुताराने पाचर तासून दाराखाली सारली. चार बोटं फट राहिली. त्यातून तिचा खोकला, तिचे टोमणे ऐकू येत. बुधवारी बोचरा वारा सुटला. तिला बाधू नये म्हणून पाचर काढून, दार लावून तो रंधा मारत बसला. संध्याकाळी दार उघडलं, तर तिचा गार हात दाराकडे पसरलेला होता. नातीच्या वहीत त्याने सावकाश लिहिलं, “मी फट बंद केली. तुझी आजी बुधवारी गेली.”