माफीचा प्रसंग

"थू तुझ्या जिनगानीवर! बाप म्हणवतोस स्वतःला? मर कुठेतरी जाऊन!"

हेरिन वॉर्डच्या दारातच थबकली. टीव्हीवर शनिवारची मालिका लागली होती. तिच्यातल्या दारुड्या बापाला सगळ्यांत मोठ्या आवाजात शिव्या घालत होता तो हेरिनचाच बाप.

मालिका हेरिननेच लिहिलेली. सोलपासून पुसानपर्यंत बायका त्या बापाच्या नावाने बोटं मोडत होत्या. आता शेवटचा भाग राहिला होता. बापाने सुधारावं, मुलीची माफी मागावी आणि मुलीने त्याला पोटाशी धरावं, असं वाहिनीचं म्हणणं होतं. बाकी सगळं लिहून झालं होतं. माफी तेवढी लिहिता येत नव्हती. येणार कुठून? तिने ती कधी ऐकलीच नव्हती.

जुना विषय काढला की अप्पांचं उत्तर ठरलेलं. "प्यायलेलो असायचो. काही आठवत नाही." की संपलं. आईला पोचवून आले त्या दिवशीसुद्धा हेच. म्हणून मालिकेत हेरिनने घरचं काही घातलंच नाही. मालिकेतला बाप मुलीचा पियानो विकायचा, तिच्या लग्नात धिंगाणा घालायचा. सगळं मनचं. हेरिनच्या घरी कसला आलाय पियानो!

अप्पांच्या यकृताने आता हात टेकले होते. भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हेरिनला त्यांच्याकडून एकच शब्द हवा होता. चुकलो. एवढा एक ऐकायला मिळाला असता तर ती बाकी सगळं सोडून द्यायला तयार होती.

"आल्या बघा लेखिकाबाई!" शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची शुश्रूषा करायला ठेवलेल्या ओक काकू ओरडल्या. "खबरदार त्या मेल्याला माफ केलंत तर!"

"असं कसं? शेवटी बाप आहे तो," आजोबा म्हणाले. "दारू सोडलीय की त्याने."

"सोडली म्हणजे उपकार केले? तुम्ही गप पडा. तुमची लेक का फिरकत नाही ते ठाऊक आहे मला."

वॉर्ड हसला. आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं.

"आणि तुमचे अप्पा!" काकूंचा पट्टा चालूच होता. "तो मेला दिसला की पिसाळतात नुसते. परवा टीव्हीला उशी फेकून मारली."

हेरिनच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर आम्हाला रडवलं आणि आता दुसऱ्याच्या नावाने शंख करताय? तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हाडांचा सापळा झालेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? ती खाटेच्या कडेला टेकली आणि तिने आडवळणाने विचारलं.

"अप्पा, शेवटच्या भागात तो मुलीच्या दुकानात जातो. काय म्हणेल हो तो तिला?"

अप्पा पडद्याकडेच बघत राहिले. भाग संपला, जाहिराती लागल्या.

"काही म्हणू नये त्याने," अप्पा म्हणाले. "तोंड आहे का बोलायला? दुकानाबाहेर बसावं गुमान. हाक मारू नये, आत जाऊ नये. ती पोर बसायची तसं बसावं."

"कशी?"

"रस्त्याकडेच्या दारूच्या तंबूबाहेर बसायची की. ताडपत्रीला टेकून, हात काखेत घालून. बर्फ पडत असायचं. तंबूवाली म्हणायची, आत ये गं, शेगडीपाशी बस. यायची नाही. चारचौघांत बापाची मान खाली जाईल म्हणून." त्यांना धाप लागली. "त्याला फटीतून दिसायची ती. दिसायची, तरी तो आणखी एक बाटली मागवायचा. त्या पोरीला सांग, दार उघडू नकोस. बसू दे त्याला."



"तंबूबाहेर बसायची?" ओक काकू बुचकळ्यात पडल्या. "हे कधी दाखवलं हो? माझा एकही भाग चुकलेला नाही."

हेरिनने अप्पांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"दाखवलं नाही, काकू," ती म्हणाली. "ते आमच्या घरचं आहे."