मशीनीचा कान

डोमाजी फिटरचा कान एवढा तिखट, का दूर कन्हान नदीच्या पुलावर उभा राहून कारखान्यातली कोणती बेरिंग दुखून राहिली ते सांगे. खोटं वाटते त वाटू द्या! मंग पंच्याऐंशी साली साहेबानं मशीनीले इलेक्ट्रॉनिक कान बसवला. आवाज बिघडला का ऑफिसात लाल दिवा पेटे. डोमाजीले कोणी विचारेना. घरी बायको राहिली नव्हती, अन् इथं आता हाकही नव्हती.

एका दुपारी दिवा पेटला. साहेब धावत आला. त्यानं मशीन खोलून पाहिली, सारं ठीक.

"मंग दिवा काहून पेटला गा डोमाजी? बेरिंग खोकली का?"

"बेरिंग नाही जी, मी खोकलो. मशीनीच्या कानापाशी."

"अन् ते काहून?"

"चार दिवसांपासून खोकून राहिलो, साहेब. आज पयल्यांदा कोणी धावत आलं."