गुरुवारपर्यंत

फोनवर शून्य दिसतंय म्हणून वडिलांनी तो आधी शर्टाच्या टोकाने पुसला. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. शून्य काही हललं नाही. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून ते लेकीच्या खोलीत आले.

"बघ गं जरा. रेंज नाहीये बहुतेक."

ती सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून होती. काम करत नव्हती, नुसती बसली होती.

तिचं काम वडिलांनी ओळखीपाळखीत सांगून सांगून अगदी सोपं करून ठेवलं होतं. बँक नाही, मॅनेजर नाही, नुसत्या सॉफ्टवेअरवर लोकांच्या ठेवी आणि कर्जं चालतात अशी ठिकाणं असतात. त्या सॉफ्टवेअरमधली चूक शोधायची, गुपचूप कंपनीला कळवायची आणि बक्षीस घ्यायचं. "माझी लेक चोराच्या आधी चोराच्या वाटेने जाऊन येते," असं ते कौतुकाने म्हणत. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून साठवलेलं सगळं त्यांनी अशाच एका ठिकाणी ठेवलं होतं. ठेवा म्हणून तिनेच सांगितलं होतं, नीट तपासून.

"रेंज आहे, बाबा," ती म्हणाली. "पैसे गेलेत. सकाळी कुणीतरी चोरले. सगळ्यांचेच."

ते पलंगाच्या कडेवर बसले. मग फोन बाजूला पालथा ठेवून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुला काय स्वप्न पडणार होतं?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ती रडून तरी मोकळी झाली असती. तो हात मात्र तिला सोसवेना.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "शनिवारपासून."

मग तिने सगळं एका दमात सांगितलं. चोर ज्यातून शिरला ते सॉफ्टवेअरमधलं भोक तिलाच सापडलं होतं. तासाभरात तिने कंपनीला कळवलं. सोमवारी बुजवतो म्हणाले, सोमवारी गुरुवार म्हणाले. तोपर्यंत कुणापाशी ब्र काढायचा नाही, घरच्यांपाशीसुद्धा नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. तिथले व्यवहार उघडे असतात, कोण पैसे काढतंय ते जगाला दिसतं. एकाने काढले की चोर हुंगत येतात. आणि शोधणाऱ्याच्याच घरच्यांनी काढले असं निघालं, तर बक्षीसही रद्द आणि नावही खराब. आज बुधवार होता.

"लिफ्टचा दोर झिजलेला दिसला," वडील म्हणाले, "तर आम्ही आधी माणसं बाहेर काढायचो. दाराला पाटी लावायची. साहेबाला फोन त्यानंतर."

"इथे पाटी लावली की चोर धावत येतो, बाबा."

"तो तसाही आला."

नियम बरोबर होता, हे तिने कुणालाही ठासून सांगितलं असतं. पण समोर तासाभरापूर्वी आलेलं मेल उघडं होतं. तुमचा अहवाल ग्राह्य धरला आहे, सर्वांत मोठं बक्षीस मंजूर केलं आहे, गुप्तता पाळल्याबद्दल आभार. चार दिवस आपण मिठाची गुळणी धरून बसलो ते नियमासाठी की या मेलसाठी, हे तिचं तिलाच आता सांगता येत नव्हतं.

"बक्षीस मिळालंय," ती म्हणाली. "त्यातून तुमचे भरून निघतील. मी सगळं तुम्हालाच देते."

"आणि रविवारी?" वडिलांनी विचारलं.

ती पडद्यावरच्या मेलकडे वळली.

"दुकान विकल्याचे पैसे तिथेच ठेवू का, म्हणून तुझ्या काकाने मला विचारलं होतं. मी तुला विचारायला आलो. या दारात उभा होतो. तू म्हणालीस, ठेवू देत की."

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही का म्हणून विचारलं असतं." ती म्हणाली. "मला वाटलं, काकांचे पैसे तिथे पोचेपर्यंत बुजवलेलं असेल. खरंच वाटलं होतं, बाबा."

वडिलांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही, ऐकू आल्यासारखी. पाठीवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. ते तिच्याकडे पाहत होते, ओळखीच्या जिन्यात चुकून दुसऱ्याच मजल्यावर आल्यासारखे. तिला वाटलं, आता काहीतरी बोलतील. काहीही बोलले असते तरी तिने ऐकून घेतलं असतं.

पलंगावरचा फोन वाजला. काकाचा होता. वडिलांनी दोनदा वाजू दिला आणि उचलला. काका इतक्या मोठ्याने बोलत होता की खोलीभर ऐकू येत होतं.

"दादा, हे काय झालं रे? माझ्याकडे दुसरं काहीच नाही. पोरीला विचारलंस का? तिला काही कुणकुण लागली होती का?"

वडील उठले आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"नाही रे," ते म्हणाले. "तिला कुठून कळणार? तिला कळलं असतं, तर तिने तुला ठेवू दिले असते का?"