मुका जीव

साहेबांची लाडकी टॅरंटुला, म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळीण, सकाळी आठही पाय पोटाशी घेऊन बसलेली दिसली आणि साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. ऑफिसला दांडी मारून, काचेची पेटी मांडीवर घेऊन त्यांनी प्राण्यांचा दवाखाना गाठला.

"अंगातलं पाणी कमी झालंय," डॉक्टर म्हणाले. "उद्यावर ढकललं असतंत तर हाती लागली नसती. बरं लक्ष गेलं तुमचं!"

"लक्ष ठेवावंच लागतं, डॉक्टर. मुका जीव, सांगणार कुणाला?"

घरी येऊन त्यांनी पेटीत पाण्याची वाटी ठेवली. कण्हण्याच्या आवाजानं कोळीण बिचकायला नको, म्हणून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.



आत चार दिवसांपासून आई पाय पोटाशी घेऊन पडली होती. ती तर रोज सांगत होती.