नववं कुत्रं

अँटवर्पच्या संग्रहालयात जुन्या शिकारचित्राची नक्कल करत वाउटर तैलरंग शिकत होता. परवानगीचा आज शेवटचा दिवस. चित्रात आठ कुत्री रानडुकरावर तुटून पडली होती. नववं मात्र चित्राबाहेर बघत होतं. चित्रकाराची चूक समजून त्यानं नकलेत त्याची नजर डुकराकडे वळवली. शिकवणाऱ्या गोडेलीव्हबाई कडाडल्या, “उस्तादाला शिकवायला निघालात? खरवडा तो डोळा!” “पण बाई, हे बघतंय तरी कुणाकडे?” “मला काय विचारता? आहे तसं रंगवा, तेच सांगेल.” चडफडत त्यानं सुरीनं ओला रंग काढला, बुबुळ पुन्हा रंगवलं आणि वर पांढरं टिंब ठेवलं. कुत्रं थेट त्याच्या ब्रशकडे बघू लागलं. वाउटर चमकला. घरी त्याचं कुत्रंही फिरायला जाण्यासाठी असंच ताटकळत बसतं. शिकारीचं नव्हतंच हे, चित्रकाराचं होतं! ब्रश ठेवत तो पुटपुटला, “चल रे, झालं.”